धर्मराज लवटेचं ओ पॉझिटिव्ह

अंबरनाथला रंगाच्या कारखान्यात कामाला असलेला धर्मराज लवटे रक्त द्यायचा. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं याहून फार काही नव्हतं, आणि तो स्वतःही दुसरं काही सांगायचा नाही. बार्शीकडचा माणूस, पोटासाठी इकडे आला, पूर्वेला एका चाळीत खोली मिळाली, सरस्वतीशी लग्न झालं, मूलबाळ झालं नाही. त्याला गाता येत नव्हतं, भाषण करता येत नव्हतं, युनियनमध्ये त्याला कुणी विचारत नव्हतं. पण ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत कुठल्याही नर्सिंग होममध्ये बाळंतीण अडली, की तिच्या माणसांना कुणीतरी हमखास सांगायचं, "लवटेला गाठा. ओ पॉझिटिव्ह आहे. नाही म्हणत नाही."

आणि लवटे खरंच नाही म्हणायचा नाही. भरल्या ताटावरून उठायचा, पत्त्यांच्या डावातून उठायचा. एकदा तर सख्ख्या मेहुण्याच्या लग्नाच्या पंगतीतून उठला, तो थेट दुसऱ्या दिवशी उगवला. सरस्वतीनं त्यावरून पुढे कित्येक वर्षं त्याला ऐकवलं.

तेव्हा इकडच्या छोट्या दवाखान्यांत रक्तपेढी वगैरे भानगड नसायची. गट जुळवायचा, माणूस खाटेवर आडवा करायचा, बाटली भरायची आणि तीच बाटली पडद्यापलीकडच्या खाटेवर लटकवायची. त्यामुळे आपलं रक्त कुणाच्या अंगात गेलं हे धर्मराजला चेहऱ्यानिशी माहीत असायचं. बाजारात भाजी घेताना मध्येच तो सरस्वतीला कोपर मारायचा आणि एखाद्या बाईकडे डोळ्यानं दाखवत म्हणायचा, "ही आपली." सरस्वती डाफरायची, "रस्त्यातल्या बायकांना आपली म्हणत जाऊ नका. मार खाल एखाद दिवशी." हा आपला खूश.

या सगळ्या 'आपल्यां'त खरी आपली झाली ती बदलापूर गावातली अंजनी. पहिल्या बाळंतपणात तिचं रक्त थांबता थांबेना. नवरा बाळाजी नुसता भिंतीला टेकून उभा, सासू कौसाबाई देवांची नावं घेतेय, आणि डॉक्टर म्हणतायत, रक्त आणा. धर्मराजनं एक बाटली दिली. ती पुरेना, तेव्हा डॉक्टर नको म्हणत असताना हट्टानं आणखी दिलं, आणि मग बाकावर डोळे मिटून पडून राहिला. अंजनी वाचली. अंजनीला माहेरचं माणूस उरलं नव्हतं. पोराच्या बारशाला मामाचा पाट रिकामा राहायला नको म्हणून कौसाबाईनं धर्मराजला बोलावणं धाडलं, आणि तो जो मामा झाला तो झालाच. दर दिवाळीला नवराबायको बदलापूर गावात जायचे. नवं भात निघालं की पिशवीभर तांदूळ अंबरनाथला यायचा. तो तांदूळ सरस्वती वेगळ्या डब्यात ठेवायची आणि पाहुणे आले तरच काढायची.

आता त्या सुईचं सांगायला हवं.

रक्त दिलं की अशक्तपणा येतो, आणि अशक्तपणावर ताकदीची सुई, हे त्या काळी इथल्या पोराटोरांनाही पाठ होतं. गोळ्या लिहून देणारा डॉक्टर म्हणजे पैसे फुकट. जो सुई टोचेल तो खरा डॉक्टर. उल्हासनगरच्या कॅम्पात एक दवाखाना होता. तिथे 'लिव्हरची सुई' मिळायची. लालसर औषध, दंडात टोचलं की हात जड व्हायचा आणि माणसाला वाटायचं, चढली ताकद. काचेची पिचकारी सकाळी एकदा उकळायची, मग दिवसभर कोमट पाण्याच्या भांड्यात बुचकळून बाकावरच्या पुढच्या माणसाला. सुई बोथट झाली की कंपाउंडर परसराम ती दगडावर घासायचा आणि कौतुकानं उजेडात धरून बघायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. धर्मराजला तर नाहीच. आपलं रक्त लोकांच्या अंगात जातं, तर ते सकस असलं पाहिजे, म्हणून तो नेमानं जाऊन बसायचा. लोकांना चांगलं रक्त मिळावं म्हणून हा शहाणा स्वतःला टोचून घेत होता! आज हे लिहितानाही कपाळावर हात मारावासा वाटतो.

पुढे एड्सचा बोभाटा झाला आणि रक्ताच्या तपासण्या सुरू झाल्या. काविळीचीही एक आली. प्रत्येक वेळी धर्मराजचं रक्त पास. तो चाळीत सांगत फिरायचा, "सरकारनं तपासलंय. टंच सोनं आहे." मग सत्त्याण्णवच्या सुमारास कारखान्यात रक्तदानाचं शिबिर झालं, आणि थोड्या दिवसांनी पेढीतल्या डॉक्टरीणबाईंनी त्याला बोलावून घेतलं. मोटवानी म्हणून उल्हासनगरच्याच होत्या, मराठी स्वच्छ बोलायच्या. त्यांनी आधी त्याला बसवलं, दार लोटलं.

"लवटे, आम्ही आता एक नवी तपासणी करतो. हिपॅटायटिस सी. तुमच्या रक्तात तो सापडला. दोनदा केली."

"ती कावीळ? मला कावीळ झालीच नाही कधी, बाई."

"याला डोळे पिवळे व्हावे लागत नाहीत. हा यकृतात गुपचूप बसतो, वर्षानुवर्षं. आत्ताआत्तापर्यंत याला नावसुद्धा नव्हतं, तर तपासणी कुठली. ऑपरेशन झालंय कधी? कुणाचं रक्त घेतलंय? सुया?"

"सुया घेतो ना," धर्मराज अजून अभिमानातच होता. "ताकदीच्या. किती वर्षं झाली. कॅम्पात."

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग त्यांनी शांतपणे सगळं सांगितलं. रक्त देणं बंद. दारू असली तर तीही बंद. वस्तरा-ब्लेड वेगळं ठेवायचं. एका ताटात जेवल्यानं, शेजारी झोपल्यानं काही होत नाही. मुंबईला मोठ्या हॉस्पिटलात इंजेक्शनं निघाली आहेत, पण ती महाग, त्रासाची, आणि लागू पडतीलच असं नाही. बरेच जण काही न होता आयुष्य काढतात, काहींचं लिव्हर खराब होतं. सध्या खरं काम एकच, तो पुढे जाऊ द्यायचा नाही.

"आणि आजवर ज्यांना दिलं?"

"तुमच्यात तो कधी शिरला कळायला मार्ग नाही. ज्यांची घरं तुम्हाला माहीत आहेत, त्यांना तपासून घ्यायला सांगा. इथे पाठवा, मी करते."

धर्मराज बाहेर आला आणि त्या दिवसापासून त्याचं बूड कुठे टेकेना. ताटावर बसायचा आणि दोन घासांत उठायचा. कामावर ड्रमची झाकणं उघडी टाकून भलतीकडेच जायचा. चालता चालता स्वतःच्याच दंडाकडे बघायचा. आयुष्यभर ज्याची मिरवणूक काढली तेच असं निघालं, तर माणसानं तोंड लपवायचं कुठे? त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षा भीती जास्त वाटत होती, आणि त्या भीतीचं नाव अंजनी होतं. तिनं दाराशी येऊन 'मामा' म्हणणं सोडलं, तर आपल्याकडे उरलं काय? हा प्रश्न त्याला खात होता. म्हणून तो सगळीकडे गेला, फक्त बदलापूर गावाला गेला नाही.

पहिल्यांदा गेला दवाखान्यात. बाकावर माणसं दंड उघडे करून बसलेली. हा उंबऱ्यातूनच ओरडला, "नवी सुई मागा रे! नाहीतर गोळ्या घ्या! या भांड्यात रोग आहे!" परसरामनं हाताला धरून बाहेर काढला तो काढलाच, पण बाकावरची माणसंही उलटली. एक म्हातारा म्हणाला, "तुला बरी ताकद आलीय रे ओरडायची. आमच्या वेळेला सुई बंद करतोस होय?" धर्मराज पायऱ्या उतरला. पण दुसऱ्या दिवशी परत गेला. मग आत न जाता पायरीशी उभा राहायचा आणि येणाऱ्याला हळू आवाजात सांगायचा. काही ऐकायचे, काही वेडा म्हणायचे. एक बाई मात्र दुसऱ्या खेपेला मेडिकलमधून पाकिटातली नवी सुई घेऊन आली आणि त्याला लांबूनच दाखवून आत गेली. त्यानंतर परसरामला पाकिटं फोडावी लागायला लागली, निदान धर्मराज पायरीवर असेल तेव्हा तरी.

मग घरं. पहिल्या घरात त्यानं सगळाच घोळ घातला. आत शिरता शिरता हात जोडले, माफी मागितली आणि रडायला लागला. त्या बिचाऱ्यांना वाटलं याचं कुणी गेलं. एड्स या एका शब्दापलीकडे कुणाला काही ठाऊक नव्हतं, त्यामुळे रक्तात दोष म्हटलं की घरातल्या बायका पोरांना पाठीमागे ओढायच्या. हळूहळू तो शिकला. माफी शेवटी, तपासणी आधी.

उल्हासनगरला लीलाराम म्हणून एक कापडवाले होते. त्यांचं अल्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा धर्मराजनं रक्त दिलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "साईं, तुमने दिया तो मैं आज गल्ल्यावर बसलोय. तपासून घेतो ना, उसमें क्या." माणूस मोठ्या मनाचा. पण चहा झाल्यावर त्यांच्या बायकोनं धर्मराजचा कप उचलून मागच्या दाराशी वेगळा ठेवला. धर्मराजनं पाहिलं. राग यायला हवा होता, पण तो उठून तिच्यापाशी गेला आणि समजावत बसला, "भाभीजी, कपानं होत नाही. रक्तानंच होतो." ती मान डोलवत राहिली आणि कप तिथेच राहिला. लीलारामची तपासणी चांगली निघाली, तेव्हा धर्मराज दुकानासमोर उभं राहून लहान पोरासारखा हसला.

तो दिवस त्याला फार धोक्याचा गेला, कारण त्यानं मनाशी हिशेब मांडला. लीलारामचं ऑपरेशन अंजनीच्या बाळंतपणाच्या आधीचं. लीलाराम चांगला, म्हणजे तेव्हा रक्त चांगलं होतं. मग सुया अंजनीच्याही नंतर सुरू झाल्या असतील. म्हणजे अंजनी सुटली. मग तिला उगाच कशाला घाबरवा? घरी येऊन त्यानं हे सरस्वतीला ऐकवलं. ती तांदूळ निवडत होती, अंजनीकडचाच. तिनं मान वर केली नाही.

"अंजनीच्या वेळेला बाळाजी इथे आला होता तुम्हाला न्यायला," ती म्हणाली. "तुम्ही घरी होता?"

"नसेन."

"नव्हताच. कुठे होता?"

धर्मराजनं सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला.

"कॅम्पात सुई घ्यायला गेलेत म्हणून मीच सांगितलं त्याला. त्यानं तुम्हाला दवाखान्याच्या बाकावरून उचलून नेलं. दंडाला कापूस तसाच होता तुमच्या. विसरलात?"

तो विसरला नव्हता. विसरायचा प्रयत्न करत होता, आणि बायकोनं तो एका वाक्यात मोडून काढला. त्याला तिचा भयंकर राग आला. "तुला काय, तुझी कोण लागते ती!" असं तो बोलून गेला. सरस्वतीनं सूप खाली ठेवलं आणि पदर डोळ्यांना लावला. तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की गेले काही महिने ही बाईसुद्धा त्याच भीतीत जगतेय. तिलाही दुसरं लेकरू नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो बदलापूर गावाला गेला. एकटाच गेला. भात कापून झालं होतं आणि अंजनी खळ्यावर पेंढ्या झोडत होती. अंगभर तूस, केसांत तूस. त्याला बघून ती हसली.

"मामा! उन्हाचं कशाला आलाव? दिवाळी कुठं आलीय अजून? मामी नाय आली?"

ओट्यावरून कौसाबाई म्हणाली, "बसा, पाणी देते." धर्मराज बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं, जसं इतरांना सांगायचा तसं, तपासणी आधी. पण माफी तेवढी राहूनच गेली. कौसाबाईच्या हातात तांब्या तसाच राहिला.

अंजनीनं हातातली पेंढी खाली टाकली. "पोरांना?" तिनं पहिलं हेच विचारलं.

"थोरला तर रक्ताच्या आधी झाला. धाकटीची तपासू. बहुतेकांना होत नाही म्हणतात डॉक्टरीणबाई. आणि तुला असेलच असं नाही, गं."

ती ऐकत नव्हती. तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. धर्मराजला वाटलं, आता हाकलेल. हाकललं असतं तर बरं, असंही त्याला एकदा वाटलं.

"मामा," ती अगदी हळू म्हणाली, "मी विठाला दिलंय."

विठा म्हणजे तिची नणंद, चिखलोलीला दिलेली. तिचं मूल अर्ध्यात गेलं तेव्हा फार रक्त गेलं होतं. माणसं रक्त शोधत पळत होती. अंजनीचाही गट ओ. तिनं कुणाला न विचारता हात पुढे केला होता.

"मला कधी बोलली नाहीस!"

"तुमी रागावला असता. अंगात हाय काय तुझ्या, म्हणाला असता. पण सगळी एकमेकांची तोंडं बघत होती तिथं. मला तुमी दिसलाव डोळ्यांपुढं." ती थांबली. "तुमचंच बघून दिलं मी."

आजवर ज्या गोष्टीला धर्मराजनं पुण्य म्हटलं होतं, ती या पोरीनं त्याच्याकडून उचलली होती, आणि आता तीच पुढच्या घरात जाऊन बसली होती. कौसाबाईनं तोंडाला पदर लावला; विठा तिची लेक.

"मी जातो चिखलोलीला," तो म्हणाला. "मी सांगतो. मला सवय झालीय."

"नाय," अंजनी म्हणाली. "दिलं मी, सांगणार मी. तुमी चला बरोबर, तपासणी कुठं ते सांगायला." आणि तिनं केसांतलं तूस झटकलं, पाय धुतले, लुगडं बदललं. तिची घाई बघून धर्मराजला धाप लागली. आपण पावसाळाभर टाळलं, आणि ही दुपार होऊ देत नाही.

चिखलोलीला विठा अंगणात शेणी थापत होती. वहिनीला पाहून तिनं हात तसेच वर धरले. "वयनी, अशी अवचित? आई बरी हाय ना?" मग तिचं लक्ष मागे उभ्या असलेल्या माणसाकडे गेलं. पोराच्या बारशानंतर तिनं त्याला पाहिलं नव्हतं, दिवाळीला ती सासरीच असायची. "हे कोण?"

अंजनीनं क्षणभर वळून धर्मराजकडे पाहिलं.

"हे माझे मामा," ती म्हणाली. "यांचं रक्त मला चढवलेलं. माझं तुला. त्यात एक दोष निघालाय, विठे. हात धू, तपासायला जायचंय."

विठानं एवढंच विचारलं, "तुझं काय निघालं?"

"माझं अजून केलं नाय. आधी तुझ्याकडं आले."

विठा हात धुवायला आत गेली.

तपासण्या झाल्या. विठाची चांगली निघाली, अंजनीच्या धाकटीचीही. अंजनीच्या रक्तात सी होता. डॉक्टरीणबाई तिला समजावत होत्या, लिव्हर अजून चांगलं आहे, दर वर्षी दाखवायला या, औषधं सुधारतायत, धीर सोडू नका. अंजनी मान हलवत होती. बाहेर आल्यावर धर्मराज तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. बरोबर आलेली सरस्वती रडत होती.

"रडू नका, मामी," अंजनी म्हणाली. मग ती धर्मराजकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते आणि आवाज कडक होता. "मला तुमचा राग आलाय, मामा. तुमी दिलं म्हणून मी हाय, हे मला कळतंय. तरी पण राग आलाय. तो लवकर जायचा नाय."

"बरोबर आहे," धर्मराज कसाबसा म्हणाला.

"दिवाळीला या. मामीला घेऊन या." तिनं पिशवी काखेत मारली. "राग गेला नसला तर रागानंच वाढीन. पण जेवून जायचं."